दुसऱ्या गौरीची पावलं

१

आमचे मालक आप्पासो पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, आणि मला मात्र त्यांनी पिल्लू असतानाच थेट सुभेदार करून टाकलं. त्यामुळे या घरात हुद्द्यानं मी सगळ्यांत मोठा. भाकरी तेवढी सगळ्यांच्या मागून मिळते, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. रहिमतपूरहून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, गावाच्या कडेला उसाला लागून आमचं घर, आणि त्या घरात कोण आलं, कोण गेलं, याची खबर पहिली माझ्या नाकाला.

तक्रार आहे ती सणांबद्दल. सण आला की माणसांना काय होतं कळत नाही. आपलंच घर ती ओळखू येईनासं करून टाकतात. आधी जमीन सारवतात, म्हणजे मी वर्षभर जमवलेले वास एका सकाळीत नाहीसे. मग कणगी इकडे, ट्रंक तिकडे. मग खळ शिजते. त्या खळीनं रंगीत कागदाच्या पताका चिकटवायच्या, आणि मी भांडं जरा चाटलं की माझ्याच नावानं शंख. पहारेकऱ्याला घरातली वस्तू जागच्या जागी लागते, हे यांना कोण सांगणार?

मोठा दुष्काळ सरल्यानंतरचा तो दुसरा पावसाळा. गणपती बसले होते आणि गौरी यायच्या होत्या. आप्पासोंची सून रंगू पदर खोचून कामाला लागली होती. तिचा नवरा जोतिबा सरहद्दीवर, त्याला रजा मिळाली नव्हती. आप्पासो स्टुलावर चढून पलटणीतून आणलेलं पॅराशूटचं कापड मखरावर छत म्हणून ताणत होते. त्यांची बायको साळूबाई खालून सूचना देत होती आणि आप्पासो त्यातली एकही ऐकत नव्हते. रंगूची पोर बनू माझ्या गळ्यात लाल कागदाची माळ बांधत होती. दुसऱ्या कुणी बांधली असती तर मी हात फाडला असता. पण बनूच्या जन्माआधीपासून मी या घरात आहे. तिच्या पाळण्याखाली मी झोपलोय. घर वगैरे ठीक आहे, पण खरं सांगायचं तर मी राखतो ते तिला.

त्या वर्षी एक गोष्ट नवी होती. अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली होती. आप्पासोंचा धाकटा भाऊ कृष्णात वेगळा निघाला होता. जमीन, बैल, भांडी, सगळं निम्मं निम्मं झालं. गौरीचे पितळी मुखवटेही दोन होते, दोघी बहिणींचे. थोरली आमच्याकडे राहिली, धाकटी कृष्णातकडे गेली. तेव्हापासून दोघे भाऊ समोरासमोर आले की एक आभाळाकडे बघतो आणि दुसरा चपलेकडे.

२

गौर यायच्या दिवशी मला जोत्याच्या खांबाला बांधतात, कारण नवा चेहरा दिसला की मी भुंकतो. ते माझं काम आहे, पण सणाच्या दिवशी कामाची किंमत कुणाला नसते.

नदीकडून बायका तेरडा घेऊन आल्या. आमचा तेरडा रंगूच्या हातात होता, पदराखाली झाकलेला. उंबऱ्यापाशी साळूबाई ताट घेऊन उभी होती. तिनं रंगूच्या पायांवर दूध-पाणी घातलं, भाकरीचे तुकडे ओवाळून टाकले, आणि नवी नवरी म्हणून या घरात आली तेव्हापासून दरवर्षी म्हणते तेच डोळे मिटून म्हणाली, "या बायांनो, दोघी बहिनी या. थोरले ये, धाकटे ये. सोन्याच्या पावलानं या."

रंगू कुजबुजली, "आत्ती, औंदा एकलीच न्हवं का?"

"आगं व्हय की!" साळूबाईनं डोळे उघडले आणि हसली. "जिभंला सवय झालीया बग. चल, आत चल."

सवय जिभेलाच नव्हती, हातालाही होती. सकाळी तिनं मुठीच्या कडेनं हळदी-कुंकवाची पावलं काढली होती, उंबऱ्यापासून मखरापर्यंत. दोन रांगा. ओवाळून टाकलेले तुकडेही दोन होते. एक माझ्याजवळ पडला तो मी खाल्ला. दुसरा उंबऱ्यापाशी सांडलेल्या पाण्यात पडला होता. साखळी तिथवर पुरत होती, म्हणून मी मान लांब केली.

रंगू तेव्हा आत गेलेली होती. साळूबाई तिच्यामागे गेली होती. उंबऱ्यावर कुणीच नव्हतं. आणि त्या सांडलेल्या पाण्यात पाऊल पडावं तसं पाणी दबलं आणि कडेला उडालं. थेंब माझ्या नाकावर आले. थंड होते, नदीच्या तळाचा वास असलेले.

मी भुंकलो नाही. भुंकायला समोर कोणीतरी असावं लागतं. वरून पागोळीचा थेंब पडला असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण त्या दिवशी लख्ख ऊन होतं, आणि तुकडा मी तिथंच सोडला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मला सोडलं आणि मी रोजच्यासारखी आत फेरी मारली.

थोरली मखरात उभी होती. हिरवं लुगडं, नथ, डोक्यावर ते पॅराशूटचं छत. तिच्यासमोर गेलो की माझे कान आपोआप खाली येतात. पितळेमागे कोणीतरी मोठं माणूस असल्यासारखं वाटतं, आणि त्यात भिण्यासारखं काही नसतं. ती आपली ओळखीची आहे, दरवर्षी येते, पुरणपोळी खाते, जाते.

पावलांची पहिली रांग तिच्यापाशी संपली होती. दुसरी संपली नव्हती.

दुसरी रांग मखराच्या बाजूनं पुढे गेली होती. आतल्या खोलीत, जिथं उतरंड रचलेली आहे आणि तिच्या शेजारी बनूचं अंथरूण असतं. ही पुढची पावलं मुठीची नव्हती. त्यांना टाच होती, चवडा होता. मी एकेक हुंगलं. हळद होती, कुंकू होतं, आणि खाली तो ओला वास. माणसाचा वास कुठंच नव्हता. चालणारा कितीही स्वच्छ असू दे, पावलाला वास येतोच. या पावलांना तो नव्हता, आणि तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

रंगूनं ती पावलं पाहिली आणि बनूला हाक मारली. "बने, कुंकवात पाय बुडवून खेळलीस व्हय गं?"

"मी न्हाई," बनू म्हणाली. "माजा पाय केवडा हाय, बघ की." आणि तिनं त्यातल्या एका पावलात आपला पाय ठेवून दाखवला. भोवती पुष्कळ जागा उरली.

रंगूनं शेणाचा बोळा उचलला. तिनं आतली सगळी पावलं पुसून काढली आणि कुणाला काही बोलली नाही. सणाच्या घरात नसते विषय काढायचे नसतात.

माझं डोकं मात्र चालू झालं. दोघींना बोलावलं. थोरली आली, तिला चेहरा मिळाला, लुगडं मिळालं, बसायला जागा मिळाली. मग जी दुसरी आली तिला काय मिळालं? तिचा चेहरा तर भिंतीपलीकडे होता. असं कुणी परक्या घरी अडकलं तर ते काय करील? मी कुत्रा आहे, मला देवाधर्मातलं कळत नाही, असं म्हणून मी तो विचार झटकला. अंगावरची गोचीड झटकावी तसा झटकला, पण गोचीड जात नाही ती नाहीच.

४

पुरणाच्या जेवणानंतर घर सुस्तावलं. आप्पासो ओसरीवर घोरत होते. रंगू आणि साळूबाई मागच्या दारी भांडी घासत होत्या. मी आतल्या खोलीच्या दारात गेलो.

बनू उतरंडीकडे तोंड करून मांडी घालून बसली होती. डोळे मिटलेले, हनुवटी वर केलेली. तिची आई तिला पावडर लावते तेव्हा ती अशी बसते. पण आई मागच्या दारी होती, राखेनं पातेलं घासल्याचा आवाज मला येत होता.

"थंड लागतंय," बनू हसून म्हणाली.

मग मी तिचा गाल पाहिला. बोटानं दाबल्यावर पडतो तसा त्याला खळगा पडला. तो खळगा सरकला. गालावरून नाकाकडे, नाकावरून कपाळाकडे, भुवईवरून सावकाश. आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसं. समोर बोट नव्हतं. समोर फक्त मडकी होती, एकावर एक रचलेली.

मी भुंकलो. इतका भुंकलो की उतरंडीतलं वरचं मडकं खाली आलं आणि फुटलं. रंगू धावत आली, साळूबाई आली, आप्पासो काठी घेऊन आले. सगळे माझ्यावर ओरडले. सणासुदीला मडकं फोडलं, अवलक्षणी कुत्रं! बनू तेवढी आपले गाल चाचपत बसली होती.

"काय गं, भ्यालीस?" रंगूनं विचारलं.

"आयं," बनू म्हणाली, "माजं तोंड झोपलंय."

पाय झोपतो, हात झोपतो, पण तोंड? रंगूनं तिचे गाल चोळले, गुदगुल्या केल्या. बनू हसली. आवाज हसण्याचा आला, पण चेहरा जागचा हलला नाही. त्या मखरातल्या थोरलीचा हलत नाही, तसा.

"ऊन बाधलं आसंल," साळूबाई म्हणाली आणि दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या आणायला गेली. रंगू मात्र बनूला मांडीवरून सोडेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला काहीतरी विचारायचं होतं, आणि कुत्र्याला काय विचारायचं ते तिला कळत नव्हतं.

५

कृष्णातच्या घरी जायचं म्हणजे भिंतीच्या टोकाला बोरीच्या काट्यातून शिरावं लागतं. मी शिरलो.

त्यांची सजावट आमच्यापेक्षा भारी होती, हे मान्य केलं पाहिजे. मखराला रंगीत बल्बची माळ, ती भरदुपारी लुकलुकत होती. मधोमध धाकटी उभी. जरीचं लुगडं, मोत्याची नथ, गळ्यात कृष्णातच्या बायकोचं, सुलाबाईचं, खरं डोरलं. मी समोर उभा राहिलो आणि कान खाली यायची वाट पाहिली. आले नाहीत. तिथं पितळ होतं, कापड होतं, आतमध्ये लाकडाची तिकाटी होती. बाकी कुणी नव्हतं. बाया येऊन या रिकाम्या कापडाला हळद-कुंकू लावून जात होत्या आणि धाकटी आमच्या घरात बनूचा चेहरा चाचपत होती.

मी विचार फार केला नाही. उडी मारली, मुखवटा दातांत धरला आणि ओढला. तिकाटी, लुगडं, बल्ब, सगळं अंगावर आलं. सुलाबाईची किंकाळी ऐकू आली. बोरीपर्यंत मी पोचलो होतो. अजून चार उड्या, आणि तिचा चेहरा मी तिच्यासमोर टाकला असता. पण कृष्णातनं पाठीत फावड्याचा दांडा घातला आणि माझ्या तोंडातून तो सुटला.

मग भिंतीच्या दोन्ही बाजूंनी तोफा सुरू झाल्या. वर्षभराचं न बोललेलं सगळं बाहेर आलं.

"कुत्रं धाडून गौर पळवायला लागला व्हय रं दादा?" कृष्णात ओरडला. "वाटणीत दिलंस आन आता पोटात दुकायलंय!"

"कुत्र्याला काय कळतंय रं? आन तुजी गौर मला कशाला? माजी हाय की माज्याकडं!"

"पुन्यांदा तुजं कुत्रं हिकडं आलं तर गोळी घालीन, सांगून ठिवतो!"

"घाल की! बंदूक धरता तरी येती का तुला?"

धाकटीचा मुखवटा पुसून पुन्हा उभा केला गेला आणि त्या घराचं दार आतून लागलं. आप्पासोंनी मला साखळी घालून अंगणातल्या खुंटीला बांधलं. त्यांनी मला मारलं नाही. नुसतं म्हणाले, "सुभेदार, नाक कापलंस गड्या." मार परवडला असता.

६

तिसऱ्या दिवशी गौरी जातात. आमच्या गावात मुखवटे टोपलीतून नदीवर नेतात, तेरडा पाण्यात सोडतात, मुखवट्यांना पाणी दाखवतात आणि घरी आणतात. माझा सारा जीव त्या घटकेकडे लागला होता. बोलावलेली बाई निरोप दिल्याशिवाय जात नाही. साळूबाईनं एकीलाच निरोप दिला तर दुसरी घरातच राहणार. आणि दोघींना दिला तर दुसरी कुणाचा चेहरा घेऊन जाणार?

उंबऱ्यावर दहीभात ठेवून साळूबाईनं डोळे मिटले. "जा बायांनो, सुखानं जा. दोघी जा, दोघी पुन्यांदा या."

रंगू या वेळी काही बोलली नाही. तिचं लक्ष बनूकडे होतं. बनू शहाण्यासारखी पुढे होऊन सगळ्यांच्या आधी उंबऱ्याबाहेर पडली. उजवा हात किंचित वर उचललेला. लहान मूल मोठ्या माणसाचं बोट धरून चालतं तसा. ते बोट कुणाचंच नव्हतं. मी साखळीला हिसके दिले. ढोल वाजत होता, कुणी बघितलं नाही.

सगळे दिसेनासे झाल्यावर मी खुंटी उपटली. साखळी फरपटत मी उसातून सरळ नदी गाठली.

पाणी वर आलेलं होतं, गढूळ. घाटावर बायकांची गर्दी. एका अंगाला आमची माणसं, दुसऱ्या अंगाला तोंड फिरवून कृष्णातची. रंगू तेरडा सोडायला वाकली होती. आणि बनू पायऱ्या उतरत होती. पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला. ना घाबरणं, ना रडणं.

मी पाण्यात झेप घेतली आणि तिचा झगा मागून दातांत पकडला.

"कुत्रं पोरीला चावलं!" कुणीतरी ओरडलं. पाठीवर काठी बसली. आप्पासोंची होती, मी ओळखली. मी सोडलं नाही. दुसरी बसली. डोळ्यांपुढे अंधार आला, सोडलं नाही. तिसरी बसलीच नाही.

आप्पासोंची काठी वरच्या वर थांबली होती. ते बनूच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो हात पाण्यावर सरळ ताणलेला होता, खांद्यातून निघेल इतका, नदीकडे. मी मागे ओढत होतो आणि तो पुढे जात होता. मनगटाभोवतीची कातडी चहूबाजूंनी दबून पांढरी पडली होती.

"आवं," साळूबाई काठावरून म्हणाली. "मी दोघींस्नी बोलावलं वो. दोघींस्नी."

आप्पासोंनी काठी टाकली, बनूला कमरेत मिठी घातली आणि वर्षभरात पहिल्यांदा भावाला हाक मारली. "किस्ना! तुजी गौर आन! पाया पडतो, आन लवकर!"

कृष्णात जागचा हलला नाही. त्याला वाटलं असावं, हा नवा डाव आहे. पण सुलाबाई त्याला ढकलून टोपली घेऊन पाण्यात धावली. तिनं धाकटीचा मुखवटा दोन्ही हातांनी पाण्यावर धरला, नदीकडे तोंड करून. "ये बाई," ती रडत म्हणाली, "हितं हाय तुजी जागा. लेकराला सोड."

बनूचा हात खाली पडला. मी, आप्पासो आणि बनू, तिघंही मागे पायरीवर आदळलो. रंगूनं पोरीला उराशी धरलं. बनूनं डोळे उघडले, खोकली आणि छान हसली. गाल, डोळे, सगळं हललं. घाटावर बाया रडायला लागल्या. कृष्णात येऊन दादाच्या पाया पडला.

मी झगा सोडला आणि बनूच्या पायाला नाक लावलं. तिनं पाय मागे घेतला. अनोळखी कुत्र्यापासून पोरं घेतात तसा.

त्याच वेळी सुलाबाई मुखवटा घेऊन माझ्या शेजारून गेली. मी वर पाहिलं. पितळेचे डोळे माझ्याकडे वळले आणि त्यांनी मला ओळखलं. पितळेवर ऊन चमकलं असेल. पाठीवर काठ्या खाऊन माझी नजर फिरली असेल. पण माझी शेपूट हलायला लागली होती, आणि ती मी हलवत नव्हतो.

७

भिंत पाडायचं ठरलं आहे. दोघे भाऊ एका ताटात जेवतात. बनूला नदीची भीती वाटत नाही, ती कुणालाच त्रास देत नाही, आणि रोज सकाळी दोन्ही हातांनी मला भाकरी घालायला येते. रंगू कधीकधी तिला कामात असताना मध्येच हाक मारते आणि पोर वळली की बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहते. मग स्वतःशीच "काय बाई मी बी" म्हणते आणि भाकरी थापू लागते.

मुखवटे पाण्यात सोडत नाहीत. चिंचेनं घासून, मऊ कापडात गुंडाळून, वर्षभर ट्रंकेत ठेवतात. धाकटीची ट्रंक कृष्णातच्या माजघरात, पेवाच्या बाजूला आहे. मी आता तिला लागूनच पडून असतो. आमच्या घरची भाकरी मी घेत नाही. सुलाबाई जे टाकते ते खातो. आप्पासो दोनदा न्यायला आले. "सुभेदार, पलटन बदललीस व्हय रं?" म्हणाले, आणि त्यांना वाईट वाटलं हे मला दिसलं. मलाही वाटलं. पण मी उठलो नाही.

"हे कुत्रं हितंच का पडून आसतंय?" सुलाबाई नवऱ्याला विचारते. "ट्रंकंला नाक लावून बसतंय. मदीच इवळतंय."

"आसू दे गं," कृष्णात म्हणतो. "राखन करतंय."

करतोच आहे. ट्रंक आतून कुणी वाजवत नाही. मी पुष्कळ कान देऊन ऐकलं आहे. फक्त ऊन कलतं, आमच्या अंगणात बनूच्या खेळायच्या वेळेला, तेव्हा कापडात काहीतरी हळूच कूस बदलतं. मी नाक लावतो आणि ते शांत होतं. पुढच्या गौरीला मुखवटा बाहेर काढतील तोवर मला इथून हलता येणार नाही. त्याला अजून खूप अवकाश आहे, आणि पाठीत त्या काठ्या बसल्यापासून मला एका दमात उठता येत नाही.